भारतीय कबड्डीतील नेतृत्ववाद आणि राष्ट्रीय प्रशिक्षकपदाचा प्रश्न

भारतीय कबड्डीतील नेतृत्ववाद म्हणजे भारतीय हौशी कबड्डी महासंघाच्या अध्यक्षपदावरून, निवडणुकांवरून आणि संघनिवडीच्या अधिकारावरून निर्माण झालेला दीर्घकालीन संघर्ष होय. हा वाद २०१३ पासून न्यायालयात होता. ३ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांची निवड बेकायदा ठरवली आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ सुवर्णपदकास मुकले. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताला हरवणाऱ्या इराणच्या संघाच्या प्रशिक्षक महाराष्ट्रातील होत्या. नाशिकच्या शैलजा जैन यांनी भारताच्या प्रशिक्षकपदाची इच्छा बाळगली होती. ते पद त्यांना मिळाले नव्हते. त्यामुळे महासंघाचे राजकारण आणि प्रशिक्षकाची नेमणूक हे वरवर वेगळे दिसणारे दोन प्रश्न एकाच वेळी चर्चेत आले.

पार्श्वभूमी

हुतुतू या नावाने महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या खेळाला नियमबद्ध रूप देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात सुरू झाले. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियमांच्या आधारे अखिल भारतीय स्पर्धा भरवली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची जी प्रात्यक्षिके केली, त्यांमुळे हा खेळ युरोपीय प्रेक्षकांसमोर गेला. १९५० मध्ये राष्ट्रीय पातळीवरील संघटना स्थापन झाली, पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रास येथे व महिलांची १९५५ मध्ये कलकत्ता येथे सुरू झाली. आजचा हौशी महासंघ १९७० च्या दशकाच्या आरंभी आकारास आला. या काळात खेळाच्या प्रसारासाठी गावोगाव फिरलेले शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले व १९९० च्या बीजिंग स्पर्धेपासून ती पदकाचा खेळ बनली. तेथपासून २०१४ पर्यंतच्या सातही स्पर्धांत पुरुषांचे सुवर्णपदक भारतानेच जिंकले. महिलांच्या कबड्डीचा समावेश २०१० मध्ये ग्वांगझू येथे झाला. इतके सलग यश मिळत असताना संघटनेचा कारभार कसा चालतो, याकडे बाहेरच्या कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

संघटनेची उतरंड

या वादाचे आकलन होण्यासाठी संघटनेची रचना ध्यानात घ्यावी लागते. गावातील मंडळ किंवा क्लब जिल्हा संघटनेशी संलग्न असतो, जिल्हा संघटना राज्य संघटनेशी आणि राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाशी. प्रत्येक पायरीवरील पदाधिकारी खालच्या पायरीच्या प्रतिनिधींनी निवडलेले असतात. महासंघाचा अध्यक्ष खेळाडू निवडत नाहीत, प्रशिक्षकही निवडत नाहीत. तो राज्य संघटनांचे प्रतिनिधी निवडतात. कोणत्या राज्य संघटनेस संलग्नता द्यावी, कोणाची काढून घ्यावी व दोन गटांपैकी खरी संघटना कोणती मानावी, हे मात्र महासंघ ठरवतो. म्हणजे मतदार कोण असावेत हे बऱ्याच अंशी निवडून येणाऱ्याच्याच हाती राहते. वर्षानुवर्षे एकच व्यक्ती पदावर राहू शकते, याचे कारण बहुधा याच ठिकाणी सापडते.

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक वैशिष्ट्य आहे. शासकीय दृष्टीने राज्य एकच असले तरी कबड्डीत महाराष्ट्र आणि विदर्भ हे दोन स्वतंत्र घटक आहेत आणि राष्ट्रीय स्पर्धेत दोघांचे वेगवेगळे संघ उतरतात. नाशिकचा खेळाडू महाराष्ट्राकडून खेळतो, तर मेहकर तालुक्यातील जानेफळचा खेळाडू बुलढाणा जिल्ह्यामार्फत विदर्भाकडून.

राष्ट्रीय प्रशिक्षकाची नेमणूकही याच उतरंडीतून होत आली आहे. स्पर्धेपूर्वी सराव शिबिर लागते, त्या शिबिरासाठी महासंघ प्रशिक्षकांची नावे सुचवतो आणि शिबिरातून संघ निवडला जातो. क्रिकेटप्रमाणे जाहिरात, अर्ज व मुलाखत अशी पद्धत येथे रुजली नाही. एखाद्या प्रशिक्षकाने तीस वर्षे मुली घडवल्या, त्यातून राष्ट्रीय खेळाडू निर्माण केल्या, तरी त्याचे नाव वर पाठवायचे की नाही हे राज्य संघटनेच्या मर्जीवर आणि ते स्वीकारायचे की नाही हे महासंघाच्या मर्जीवर अवलंबून राहते. नेमणूक का झाली नाही याचे कारण देण्याचे बंधनही कोणावर नसते. प्रशिक्षक संघटनेतील अंतर्गत गटबाजीपासून दूर राहू इच्छित असला, तर त्याची अडचण अधिकच वाढते, कारण दुसरा दरवाजाच नसतो.

गेहलोत कालखंड

राजस्थानातील काँग्रेसचे नेते जनार्दनसिंह गेहलोत १९८४ मध्ये महासंघाचे अध्यक्ष झाले. १९७२ च्या विधानसभा निवडणुकीत जयपूरमध्ये भैरोसिंह शेखावत यांचा पराभव केल्यामुळे ते राजकारणात प्रसिद्धीस आले होते. कबड्डीला आशियाई स्पर्धेत स्थान मिळवून देण्यात आणि पुढे आंतरराष्ट्रीय कबड्डी महासंघ उभारण्यात त्यांचा वाटा मोठा होता, हे त्यांच्या विरोधकांनीही नाकारलेले नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते.

वादाचे मूळ कर्तृत्वापेक्षा कालावधीत आहे. राष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या पदाधिकाऱ्यांवर कालमर्यादा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने १९७५ पासूनच काढली होती, पण त्यांची अंमलबजावणी ढिली होती. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा संहितेने ती पुन्हा ठामपणे मांडली. अध्यक्षाला जास्तीत जास्त बारा वर्षे व कोणत्याही पदाधिकाऱ्याला वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंतच पदावर राहता येईल, असे ठरले. गेहलोत तोवर सव्वीस-सत्तावीस वर्षे अध्यक्ष होते. २०१३ मध्ये त्यांनी पद सोडले आणि त्यांच्या पत्नी डॉ. मृदुल भदौरिया गेहलोत अध्यक्ष झाल्या. स्वतः जनार्दनसिंह यांच्यासाठी तहहयात अध्यक्ष हे पद निर्माण करण्यात आले. संहितेतील शब्द पाळले गेले आणि सत्ता घरातच राहिली, असा आक्षेप घेतला गेला.

माजी खेळाडू महिपाल सिंह यांनी या व्यवस्थेस दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. निकाल लागण्यास पाच वर्षे गेली. ३ ऑगस्ट २०१८ च्या निर्णयाने अध्यक्षपदाची निवड व तहहयात अध्यक्षपद ही दोन्ही बेकायदा ठरली. महासंघाचा कारभार पाहण्यासाठी आणि नव्याने निवडणूक घेण्यासाठी निवृत्त सनदी अधिकारी सनत कौल यांची प्रशासक म्हणून नेमणूक झाली. पुढे ही जबाबदारी निवृत्त न्यायमूर्ती एस. पी. गर्ग यांच्याकडे गेली.

शैलजा जैन आणि इराण

शैलजा जैन यांनी नाशिकमध्ये दीर्घकाळ कबड्डीचे प्रशिक्षण दिले. भारतीय महिला संघाच्या प्रशिक्षकपदी आपली निवड व्हावी अशी त्यांची इच्छा होती, ती पूर्ण झाली नाही, आणि आपली गुणवत्ता सिद्ध करण्याची संधी म्हणून आपण इराणचा प्रस्ताव स्वीकारला, असे त्यांनी २०१८ च्या विजयानंतर पत्रकारांना सांगितले. त्यांची निवड न होण्यामागे कोणा एका व्यक्तीचा हात होता, असे कोणत्याही न्यायालयाने किंवा चौकशीने ठरवलेले नाही. ज्या पद्धतीत निर्णयाचे कारणच नोंदवले जात नाही, तेथे अन्याय सिद्ध करणे कठीण आणि न्याय झाला हे सिद्ध करणेही तितकेच कठीण, एवढे मात्र म्हणता येते.

इराणमध्ये महिला खेळाडूंचा सराव पुरुषांपासून स्वतंत्र चालतो, म्हणून अनुभवी स्त्री प्रशिक्षकाची तेथे विशेष गरज होती. जैन तेथे सुमारे दीड वर्ष राहिल्या. त्या शाकाहारी असल्याने जेवणाची अडचण होती आणि भाषेची त्याहून मोठी. त्यांनी कामापुरती फारसी आत्मसात केली. सरावाच्या दिनक्रमात योगासने व प्राणायाम यांचा समावेश केला. चढाईपटूला एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ असा उच्चार करीत प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात जाऊन परतायचे असते. श्वासावरील ताबा हा या खेळाचा पायाच असल्यामुळे प्राणायामाचा उपयोग केवळ मनःशांतीपुरता नव्हता.

इराणचा संघ तोवर दुबळा होता असे मानणे बरोबर नाही. २०१४ च्या इंचॉन स्पर्धेत महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ३१–२१ असे हरवले होते, तर पुरुषांचा अंतिम सामना २७–२५ असा अवघ्या दोन गुणांनी जिंकला होता. इराणी खेळाडूंची शरीरयष्टी भक्कम, पकड मजबूत. त्यांना कमी पडत होता तो मोक्याच्या वेळचा संयम, आणि चढाईतील बारकावे. महाराष्ट्रातील मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या साठलेले नेमके हेच ज्ञान जैन तेथे घेऊन गेल्या.

जकार्ता, ऑगस्ट २०१८

प्रशासक नेमल्यानंतर पंधरा दिवसांनी आशियाई स्पर्धेचे उद्घाटन झाले. पुरुष संघ साखळी सामन्यात दक्षिण कोरियाकडून २३–२४ असा हरला. आशियाई स्पर्धेतील कबड्डीत भारताचा हा पहिलाच पराभव होता. २३ ऑगस्टला उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७–१८ असे हरवले आणि पुरुष संघाला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. या संघात महाराष्ट्राचे रिशांक देवाडिगा व गिरीश इरनक होते.

दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना झाला. मध्यंतरास भारत १३–११ असा आघाडीवर होता. उत्तरार्धात इराणने आघाडी हिसकावली आणि सामना २७–२४ असा जिंकला. भारतीय संघात सोनाली शिंगटे व सायली केरीपाळे या महाराष्ट्राच्या दोन खेळाडू होत्या. समोरच्या बाजूच्या प्रशिक्षकही महाराष्ट्राच्याच. भारत हरल्याचे दुःख झाले, पण आपले काम आपल्याला करायचे होते, अशा आशयाचे उद्गार जैन यांनी नंतर काढले. मराठी वृत्तपत्रांतून या विजयाचे कौतुकही झाले आणि हळहळही व्यक्त झाली. त्यांच्यावर देशाभिमानाच्या दृष्टीने टीका करणारे आवाजही उठले. भारतीय प्रशिक्षक परदेशी संघांना शिकवण्यासाठी यापूर्वीही जातच होते आणि त्यात कोणी काही वावगे मानले नव्हते, ही गोष्ट अशा टीकाकारांच्या विस्मरणात गेली होती.

न्यायालयाने ठरवलेला सामना

जकार्तास गेलेल्या संघाच्या निवडीसंबंधी एक स्वतंत्र याचिकाही उच्च न्यायालयात होती. निवड गुणवत्तेवर झाली नाही व त्यात गैरव्यवहार झाला, असा आरोप माजी खेळाडू होनप्पा गौडा यांनी केला होता. ऐन वेळी संघ रोखणे उचित नसल्याने न्यायालयाने संघाला जाऊ दिले, मात्र परतल्यावर त्या संघांचा निवड न झालेल्या खेळाडूंशी सामना व्हावा असा आदेश दिला. हा सामना १५ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात, न्यायमूर्ती गर्ग यांच्या देखरेखीखाली ठरला. डावलले गेलेले खेळाडू मैदानात उतरले. आशियाई स्पर्धेतील संघ मात्र आलेच नाहीत.

हा उपाय कल्पक असला तरी त्याच्या मर्यादा उघड आहेत. एका दिवसाच्या सामन्यातून निवडीची योग्यता ठरत नाही, आणि दमलेल्या संघाने हरण्याचा धोका का पत्करावा, हाही प्रश्न होता. तरीही राष्ट्रीय संघाच्या निवडीचा निर्णय पडताळण्यासाठी न्यायालयाला मैदान आखून द्यावे लागले, यावरून महासंघाच्या अंतर्गत तक्रार निवारणाची स्थिती काय होती याची कल्पना येते.

रग्बीतील एक समांतर उदाहरण

अध्यक्षाची महत्त्वाकांक्षा व प्रशिक्षकाची महत्त्वाकांक्षा एकमेकांत गुंतण्याचा प्रकार केवळ भारतात घडतो असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी संघटनेचे अध्यक्ष हॅमिश मॅक्लेनन यांच्या कारकीर्दीत जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक डेव्ह रेनी यांना दूर करून एडी जोन्स यांना पाच वर्षांच्या करारावर आणण्यात आले. त्याच वर्षी फ्रान्समधील विश्वचषकात वेल्सकडून ४०–६ असा पराभव होऊन ऑस्ट्रेलिया प्रथमच साखळी फेरीतच बाद झाला. ऑक्टोबरअखेरीस जोन्स यांनी पद सोडले व लवकरच ते जपानचे प्रशिक्षक झाले. नोव्हेंबरमध्ये सहा सदस्य संघटनांनी पत्र लिहून मॅक्लेनन यांच्या राजीनाम्याची मागणी केली आणि दोन दिवसांत संचालक मंडळाने त्यांना अध्यक्षपदावरून हटवले.

तेथील संघटनेचे निर्णय शहाणपणाचे होते असे कोणी म्हणणार नाही. पण चुकीच्या निर्णयाची किंमत निर्णय घेणाऱ्याला काही आठवड्यांत मोजावी लागली, तीही घटक संघटनांच्या दबावामुळे. भारतीय कबड्डीत घटक संघटनांनी असा दबाव आणल्याचे दिसत नाही. तेथे बदल घडला तो एका माजी खेळाडूच्या याचिकेने.

२०१८ नंतरच्या घडामोडी

तात्पुरती म्हणून सुरू झालेली प्रशासकीय राजवट वर्षानुवर्षे चालली. निवडणुकांवरून नवे वाद उभे राहिले, नव्या याचिका आल्या. जनार्दनसिंह गेहलोत यांचे २८ एप्रिल २०२१ रोजी निधन झाले, तरी वाद संपला नाही.

मैदानावर मात्र भारताने गमावलेले परत मिळवले. २०२२ ची आशियाई स्पर्धा हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झाली, त्यात महिलांनी चिनी तैपेईचा २६–२५ असा निसटता पराभव केला, तर पुरुषांनी इराणला ३३–२९ असे हरवले. पुरुषांचा अंतिम सामना गुण देण्याच्या नियमावरील वादामुळे सुमारे तासभर थांबला होता.

डिसेंबर २०२३ मध्ये महासंघाची निवडणूक झाली, पण निवडून आलेल्या कार्यकारिणीकडे सूत्रे आली नाहीत. लोकनियुक्त कार्यकारिणी नसल्याच्या कारणावरून आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय महासंघाची मान्यता निलंबित केली. त्याचा फटका खेळाडूंना बसण्याची वेळ आली, तेव्हा इराणमधील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भाग घेता यावा म्हणून दोन महिला खेळाडूंनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने प्रशासक गर्ग यांना डिसेंबर २०२३ मध्ये निवडून आलेल्या कार्यकारिणीकडे कारभार सोपवण्यास सांगितले. हा आदेश म्हणजे त्या निवडणुकीवर शिक्कामोर्तब नव्हे, असेही स्पष्ट केले. महिनाभरात तेहरान येथे झालेल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी यजमान इराणला ३२–२५ असे हरवून विजेतेपद मिळवले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक संमत केले आणि त्याच महिन्यात राष्ट्रपतींच्या संमतीने त्याचा कायदा झाला. महासंघांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद सोडवण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण आणि कार्यकारिणीत नामवंत खेळाडू व महिला यांना स्थान, या त्यातील प्रमुख तरतुदी आहेत.

ग्रामीण खेळाडूंवरील परिणाम

दिल्लीतील खटल्यांचा तालुक्याच्या गावाशी काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचे असावे लागते आणि त्याची पडताळणी क्रीडा विभागाकडून होते. शेतमजुराच्या किंवा अल्पभूधारकाच्या मुलीसाठी पोलीस भरतीत वा अन्य सरकारी सेवेत जाण्याचा तो एक खराखुरा मार्ग आहे. राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेवर प्रश्नचिन्ह लागले किंवा राज्य पातळीवर दोन गट आपणच खरे असे म्हणू लागले, तर त्याची झळ प्रथम याच प्रमाणपत्राला लागते. दोन्ही गट स्पर्धा भरवतात, दोन्ही ठिकाणी प्रवेशशुल्क घेतले जाते, आणि मुलगी कोणत्या मैदानावर खेळली यावर तिचे पुढचे भवितव्य अवलंबून राहते.

कबड्डीला जागा लागते थोडी आणि साहित्य जवळजवळ लागतच नाही. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातील शाळांत ती टिकून आहे. तेथे शिकवतो तो बहुधा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, किंवा हातात शिट्टी दिलेला मराठीचा अथवा गणिताचा शिक्षक. त्याच्या हाताखालून गेलेला खेळाडू विदर्भाच्या संघात पोहोचला, तरी त्या शिक्षकाचे नाव प्रशिक्षक म्हणून कोठे नोंदले जात नाही. शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या, तर कुमार व वरिष्ठ गटाच्या स्पर्धा संघटनेच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे स्पर्धेला संघ पाठवण्यापूर्वी आयोजक संघटनेची चालू वर्षाची संलग्नता जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घेणे आणि प्रमाणपत्रावर स्पर्धेचा स्तर, दिनांक व पदाधिकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्या तपासून घेणे हिताचे ठरते.